एकोणीसशे तेराची रेघ

पुस्तकांचे बारा खोके शुक्रवारी आले आणि मोरॅगने ते आईच्या बोळात रचून ठेवले. तिच्या स्वतःच्या घरात जागा नव्हती, आणि गावच्या सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे हे नेहमीप्रमाणे कोणालाच ठाऊक नव्हतं. तीनशे प्रती. चार वर्षं ती गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी बसली होती, गार झालेला चहा प्याली होती, त्याच त्या आठवणी पाचपाचदा ऐकल्या होत्या, तेव्हा कुठे 'इंचरोय : नदीकाठच्या आठवणी' पुरं झालं होतं. मुखपृष्ठावर त्यांच्याच घराच्या दाराचा उभा दगड होता, आणि त्यावर आजोबांनी, मर्डो गिल्रुथने, छिन्नीने पाडलेली १९१३च्या महापुराची रेघ. तिच्याखाली दोन फुटांवर दुसरी रेघ होती, १९९०ची. फोटो काढताना ती थोडी सावलीत गेली होती, पण तिच्याकडे बघणार कोण, म्हणून मोरॅगने तशीच राहू दिली.

रविवारी दुपारी एकला सगळे आईच्या स्वयंपाकघरात जेवायला बसले. सगळे म्हणजे आता चौघंच. चौऱ्याऐंशी वर्षांची आई, नेटा, खिडकीपाशी तिच्या खुर्चीत. समोर इसा आत्या, बाबांची, फर्गसची, धाकटी बहीण, चर्चची टोपी अजून डोक्यावर. मोरॅग, आणि तिच्याहून चार वर्षांनी मोठा भाऊ स्ट्रूअन, जो आत आल्यापासून बटाटे सोडून कशाबद्दलच बोलला नव्हता.

"आई, तीन वाजता कौन्सिलची ती इंजिनियर येणार आहे," मोरॅग म्हणाली. "फॉर्मवर सही करून ठेव."

"सूप गार होतंय."

"गेले तीन आठवडे ते सूपच गार होतंय."

फॉर्म किटलीखाली होता. त्यावर तपकिरी गोल उमटले होते. काम तसं दोन मिनिटांचं होतं. नदी आणि घरं यांच्यामधल्या रस्त्यावर कौन्सिल पूर अडवायची भिंत बांधणार होतं. पाण्याची पातळी मोजायचं यंत्र गावात सत्तर सालानंतर आलं, त्याआधीचा धडधडीत पुरावा म्हणजे गिल्रुथांच्या दारातला दगड. वरच्या रेघेपेक्षा एक फूट उंच भिंत, असं ठरलं होतं. इंजिनियरने माप घ्यायचं आणि घरमालकिणीने लिहून द्यायचं की रेघा खऱ्या आहेत आणि जागच्या जागी आहेत. सगळं गाव या सहीसाठी अडलं होतं, आणि आई रोज काहीतरी नवं काढत होती. चष्मा सापडत नव्हता, मग पेन आवडत नव्हतं, मग म्हणे शुक्रवारी मी सह्या करत नाही.

"भिंत किती उंच म्हणालीस?" आईने विचारलं.

"साडेसहा फुटांच्या वर. दहादा सांगून झालं."

"घरापासून की रस्त्यापासून?"

"रस्त्यापासून."

"म्हणजे मला या खुर्चीतून काय दिसेल?"

"भिंत दिसेल, आई."

आईने चमचा खाली ठेवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून एकसष्ट वर्षं ती या खिडकीत बसत आली होती. आधी बाबांची कोबल बघायला. त्या सपाट बुडाच्या होडीतून बाबा अर्धगोल जाळं टाकत जायचे, आणि दोराचं दुसरं टोक धरून काठावर कोणीतरी चालायचं. मग जाळी कायमची बंद झाली, होड्या विकल्या गेल्या, तरी आई बसतच राहिली. काय बघतेस असं विचारलं तर म्हणायची, पाणी किती आहे ते बघते.

"नुसती नदी काय बघायची," इसा आत्या म्हणाली. "जीव वाचतोय ते बघ. माझा बाप याच स्वयंपाकघरात छातीभर पाण्यात उभा होता. तसलं पाणी पुन्हा आलं तर तुझी खुर्ची पार समुद्रात जाऊन पडेल."

"नव्वदला आलं होतं की पाणी," मोरॅग म्हणाली.

"नव्वदला गुडघाभर होतं. उगाच सगळ्यांनी बोभाटा केला. फर्गस जाळी वाचवून त्यातून चक्क चालत वर माझ्या घरी आला होता, आठवतं ना, नेटा? नखशिखांत भिजलेला, पण चालत. स्ट्रूअन, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. चांगलंच काम केलंस तू. पण पूर तो पूरच, आणि तुझा तो..."

"मटार दे," स्ट्रूअन म्हणाला.

मोरॅगला या घराचा वैताग यायचा तो असाच, जेवणाच्या मध्यावर. कोणी सरळ बोलत नाही. एकजण सूप म्हणतो, दुसरा मटार म्हणतो, आणि मधल्या मध्ये तिने एकटीने कौन्सिलला फोन करायचे. "हे बघा," ती म्हणाली, "भिंत कशी दिसेल ते आत्ताच बघून टाकू. मग सही होईल. स्ट्रूअन, ऊठ."

मागच्या अंगणातून कपड्यांच्या दोरीला टेकू देणारी लांब काठी आणली. साडेसहा फुटांवर मोरॅगने तिला ताट पुसायचं फडकं बांधलं आणि स्ट्रूअनला समोरच्या रस्त्यावर उभं केलं. तो कोट न घालताच गेला. अठ्ठावन्न वर्षांचा, शाळेची बस चालवणारा माणूस, नोव्हेंबरच्या वाऱ्यात हातात काठी धरून आईच्या खिडकीसमोर उभा. रस्त्याने जाणाऱ्या बाईने त्याला काहीतरी विचारलं आणि त्याने नुसते खांदे उडवले.

आई खुर्चीत नीट टेकून बसली. फडक्याच्या वर पलीकडच्या काठावरच्या झाडांचे शेंडे तेवढे दिसत होते.

"खाली घे म्हणावं," ती म्हणाली.

मोरॅगने खिडकी उघडली. "खाली घे."

फडकं खाली आलं.

"अजून."

"आई, आपण मनाला येईल तेवढी भिंत नाही मागू शकत. दगडावर रेघ आहे."

"अजून खाली. हं. तिथे." फडकं आता साडेचार फुटांवर होतं आणि त्याच्यावर नदी दिसत होती, तपकिरी आणि भरलेली. "भिंत तिथे हवी."

"हवी म्हणजे?"

"म्हणजे तेवढीच लागते. दगड वर गेलाय, मोरॅग."

मोरॅगने खिडकी लावून घेतली. "कुठला दगड?"

"दारातला. छप्पन्नच्या उन्हाळ्यात तुझ्या बाबांनी घराची जमीन उचलली ना, तेव्हा दगडही उचलला. अठ्ठावीस इंच."

"जमीन उचलली ते सगळ्या गावाला ठाऊक आहे," इसा आत्या म्हणाली. "दगडाला कशाला हात लावेल तो?"

"मग दार कशाला अडकवणार होता? बिजागरीचे आकडे शिसं ओतून त्या दगडातच बसवलेत. दार वर न्यायचं तर दगड वर न्यायलाच हवा. फर्गस आणि गिरणीवरचे दोन गडी होते, पहारी लावून उचलला. मी चुना कालवत होते. तू तेव्हा ग्लासगोला नर्सिंग शिकत होतीस."

"खोटं आहे हे. माझ्या बापाच्या छातीला पाणी लागलं होतं, आणि ती रेघ आजही माणसाच्या छातीला लागते. उभी राहून दाखवू?"

"छातीलाच लागलं होतं, इसा. पण ते स्वयंपाकघर खाली होतं."

इसा आत्याने पायाखालच्या जमिनीकडे बघितलं. मोरॅगच्या डोक्यात मात्र काहीतरी सरकायला लागलं होतं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. ती बोळात गेली, सुरीने पहिला खोका फाडला आणि वरची प्रत काढून पान एक्केचाळीस उघडलं. इसा आत्याचीच आठवण होती, तिच्याच शब्दांत: शाळेतून आलं की रस्त्यावरून एक पायरी खाली उडी मारून आम्ही घरात शिरायचो. मोरॅगने मान वळवून दाराकडे बघितलं. दारात तीन पायऱ्या होत्या, आणि तिन्ही चढायच्या. हे वाक्य तिने स्वतः टाइप केलं होतं. दोनदा तपासलं होतं. एका ठिकाणी स्वल्पविरामही घातला होता.

ती पुस्तक घेऊन आत आली. "वरची रेघ अठ्ठावीस इंच खाली आणायची. नव्वदची रेघ जमीन उचलल्यानंतरची, म्हणजे ती बरोबर आहे. दोन्हींत अंतर चोवीस इंचांचं." ती थांबली. "आई, म्हणजे नव्वदचा पूर मोठा होता."

"चार इंचांनी," आई म्हणाली. तिला आकडेमोड करावी लागली नाही.

मोरॅग खाली बसली. एकोणीसशे नव्वदच्या फेब्रुवारीत स्ट्रूअनने दिवसभर गावच्या रस्त्यावरून कोबल वल्हवली होती आणि गिरणीच्या चाळीतून चौदा माणसं बाहेर काढली होती. पाणी उतरल्यावर बाबांनी छिन्नी घेतली, रेघ पाडली, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अजून दोन फूट हवं होतं, पोरा." पुढे तर तो नववर्षाच्या रात्रीचा ठरलेला खेळच झाला. घर पाहुण्यांनी भरलं की बाबा स्ट्रूअनला दगडापाशी उभं करायचे आणि पाइपच्या दांडीने आधी वरची रेघ दाखवायचे, मग खालची. "हा पूर. आणि ही ओल." लोक हसून बेजार व्हायचे. मोरॅगही हसायची. बाबा जाईपर्यंत सतरा नववर्षं झाली, आणि सतराही वेळा ती हसली होती.

"तू इथेच असायचीस," ती आईला म्हणाली. "सँडविचची ताटं घेऊन. सगळं ऐकत असायचीस."

"दगड बसवला त्याच दिवशी मी त्याला म्हटलं होतं, रेघ पण वर गेली. म्हणाला, पुढच्या आठवड्यात नवी पाडतो. तुझ्या बाबांचा पुढचा आठवडा तुला माहीत आहे. मग स्ट्रूअनची चाहूल लागली. मग लोक दगड बघायला यायला लागले, कोणी वर्तमानपत्रवाला येऊन गेला."

"ते ठीक आहे. नव्वदनंतर काय?"

"नव्वदनंतर बोलले असते तर फर्गसला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"आणि स्ट्रूअनला होती?"

इसा आत्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिची कड ती बोटांनी सरळ करत होती. बाहेरून काचेवर टकटक झाली.

"अजून किती वेळ?" स्ट्रूअन ओरडला. "हात गळून पडला माझा."

मोरॅगचा संताप आता तीन दिशांना धावत होता. आधी आईवर, मग बाबांवर, जे नऊ वर्षांपूर्वी वर जाऊन निवांत झाले होते, आणि मग स्वतःवर. चार वर्षं गावभर फिरून लोकांना विचारलं, तुम्हाला काय आठवतं. आईला मात्र विचारलं नाही, कारण आई घरचीच होती.

"त्याला आत बोलाव," ती म्हणाली. "आणि तूच सांग. मी सांगणार नाही."

स्ट्रूअन आत आला, काठी कोपऱ्यात टेकवली आणि बूट पायपुसण्यावर पुसत राहिला. आईने त्याला सांगितलं. तिने लांबण लावली नाही. दगड, बिजागऱ्या, अठ्ठावीस इंच, चार इंच. सांगताना ती त्याच्या बुटांकडे बघत होती.

"ठाऊक आहे मला," स्ट्रूअन म्हणाला.

"काय ठाऊक आहे?" हे मोरॅगने विचारलं, आणि तिचा आवाज जरा चढलाच.

"चर्चच्या आवाराच्या भिंतीला ती लोखंडी कडी आहे ना. आजोबांनी तेरा साली तिला कोबल बांधली होती, आणि कडी पाण्याच्या वर जेमतेम दोन बोटं होती. तुझ्याच पुस्तकात आहे."

"पान अडतीस," मोरॅग म्हणाली. तिला ओरडावंसं वाटत होतं.

"नव्वदला मला ती कडी पाण्यात हात घालून चाचपडत शोधावी लागली. बाही भिजली. तेव्हाच कळलं." त्याने खुर्ची ओढून घेतली आणि बसला. "दगडाचं गणित नंतर जुळवलं. बिजागऱ्यांकडे बघितलं की कळतंच."

"म्हणजे या घरात इतिहास फक्त मलाच माहीत नव्हता," मोरॅग म्हणाली. "जिने तो छापला तिला."

"मलाही नव्हता," इसा आत्या हळूच म्हणाली.

आईने आता वर बघितलं. "ठाऊक होतं तर बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?" स्ट्रूअनचा आवाज चढला नाही. कोणाची बस चुकली तर तो जसं बोलायचा तसंच बोलला. "बाबा छिन्नी घेऊन बसले तेव्हा मला वाटलं, आता म्हणतील. मग वाटलं, नववर्षाला म्हणतील, दोन पेग झाल्यावर. दरवर्षी वाटायचं. म्हणून तर उभा राहायचो तिथे, नाहीतर कोण उभं राहतंय. मग ते गेले. म्हटलं, आता आई म्हणेल. नऊ वर्षं झाली त्यालाही. आणि आज म्हणालीस, ते भिंतीसाठी."

"हो," आई म्हणाली. "भिंतीसाठीच." तिने सूपचं भांडं बाजूला सारलं. "तुझ्यासाठी बोलायला हवं होतं. मला भीती वाटायची त्याची. माराची नाही. त्याचा चेहरा उतरेल याची."

स्ट्रूअनने मान हलवली. त्याने माफ केलं की नुसतं ऐकून घेतलं, हे मोरॅगला कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती, कारण दाराची घंटा वाजली.

इंजिनियर, मिस ॲफ्लेक, पिवळं जाकीट घातलेली, हातात मापाची पट्टी घेऊन पायऱ्यांवर उभी होती. "दगड हाच ना?" तिने विचारलं. "वर्तमानपत्रात फोटो पाहिलाय मी. वरची रेघ मोजायची आहे."

दार इसा आत्याने उघडलं होतं. ती त्या दगडाला चिकटून उभी राहिली, ऐंशी वर्षांची बाई, टोपी हातात. आता ही काहीतरी घोळ घालणार, आणि मग आपल्याला कौन्सिलला आणखी सहा फोन करावे लागणार, अशी मोरॅगची खात्री झाली. बोळातून वाट काढत ती पुढे आली.

"खालची मोजा," इसा आत्या म्हणाली. "वरची माझ्या बापाची आहे, पण ती जागेवर नाही. मोठं पाणी खालचं. माझ्या भाच्याचं."

मिस ॲफ्लेकने पट्टी लावून माप घेतलं, बिजागऱ्यांचे आकडे आणि खालच्या जोडाचा चुना बघितला, फोटो काढले. चर्चची कडी तिला स्ट्रूअनने नेऊन दाखवली. दोघं परत आली तोवर आईने किटली उचलून फॉर्म ओढून घेतला होता, आणि 'रेघा जागच्या जागी आहेत' या ओळीवर आडवी काट मारून खाली सही केली होती. चष्मा नेहमीच्याच जागी होता. भिंत पावणेपाच फुटांच्या आत बसेल, मिस ॲफ्लेक म्हणाली, आणि फडक्यात उकडलेल्या मनुकांच्या डंपलिंगचा तुकडा कागदात गुंडाळून घेऊन गेली.

मोरॅग बोळात खोक्यांसमोर उभी होती. तीनशे प्रती, आणि मुखपृष्ठावर चुकीची रेघ. "प्रत्येक प्रतीत चिठ्ठी चिकटवावी लागणार," ती म्हणाली. "तीनशे चिठ्ठ्या. कोण कापणार?"

"आण इकडे कात्री," आई म्हणाली. "आणि लिहून घे, मी सांगते."

मोरॅग टेबलापाशी बसली. आईने खिडकीकडे बघत सांगायला सुरुवात केली. दगड १९५६च्या उन्हाळ्यात अठ्ठावीस इंच उचलला गेला. इंचरोयचा सर्वांत मोठा पूर १९९०चा. "आता लिही, हे फर्गस गिल्रुथला ठाऊक होतं. नेटा गिल्रुथलाही ठाऊक होतं."

"आई, एवढं नको गावाला."

"लिही. गावादेखतच हसत होतो ना आपण." मोरॅगने लिहिलं. "आता पुढे. त्या पुरात स्ट्रूअन गिल्रुथने एकट्याने कोबल चालवून चौदा माणसं बाहेर काढली."

"पंधरा," स्ट्रूअन म्हणाला. तो दाराशी कोट चढवत होता.

मोरॅगने पेन टेबलावर आपटलं. "पुस्तकात चौदा आहे. गिरणीच्या चाळीतल्या प्रत्येकाला मी विचारलंय. नावं आहेत माझ्याकडे. आता तेही चुकलंय का?"

"चाळीतले चौदाच." तो कोटाची बटणं लावत राहिला. सगळ्या घराने आपल्याकडे बघितल्यावर पुढे बोलणं त्याला भाग होतं. "पंधरावे बाबा. जाळ्यांच्या कोठीच्या छपरावर बसले होते, चिमणीला धरून. जाळी वाचवायला गेले आणि मागून पाणी आलं. मी त्यांना आत्याच्या चढाखाली उतरवलं. तिथून चालत वर गेले. कोणाला सांगू नकोस म्हणाले."

इसा आत्याने टोपी तोंडाशी धरली. आई खुर्चीतच स्ट्रूअनकडे वळली होती. खिडकीबाहेर नदी होती, पण तिची पाठ खिडकीकडे होती.

"पंधरा लिही," ती म्हणाली.